रिकामी मोटार फार पळते

आमच्या पिंपळगाव बसवंतात छापील आकड्यावर कोणाचा विश्वास नाही. हा संशयी स्वभाव नव्हे, धंद्याचा संस्कार आहे. बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर आला की तो आधी भरलेला तोलतात, मग रिकामा तोलतात आणि तरीही वजाबाकी शेतकरी स्वतः तोंडी करून पाहतो. टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं म्हणून पुकारलं, तरी घेणारा एकदा ते हातात तोलून बघतो. द्राक्षाचा व्यापारी बागेत आला की मणी चिरडून त्यातली साखर यंत्रावर मोजतो, आणि मोजून झाल्यावर वर आणखी दोन-चार मणी तोंडात टाकतो. यंत्र झालं तरी शेवटी यंत्रच, जिभेची सर त्याला कुठली? अशा गावात मी बँकेत कारकून आहे. पासबुकात आकडा मी छापून देतो, समोरचा तो दोनदा वाचतो, पाठीमागच्याला वाचायला देतो आणि मग माझ्याकडे बघतो. मला राग येत नाही. बी. कॉम. ला हिशेबतपासणीच्या जाडजूड पुस्तकात जे सांगितलं होतं, ते आमच्या गावात लोक रांगेत उभ्या उभ्या करतात.

पण माझ्या भाच्याने हा गावचा संस्कार इतका पुढे नेला, की त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहिला. कारकुनापुढे नैतिक प्रश्न सहसा येत नाहीत. ते साहेबांच्या टेबलावरून परस्पर वरच्या ऑफिसला जातात. हा मात्र थेट आमच्या ताईच्या ओटीवर आला.

प्रश्न मोटारींचा होता. मोटारी म्हणजे फुलपात्राएवढ्या, विजेवर गरगर फिरणाऱ्या. भाच्याचं मोटार रिवाइंडिंगचं लहानसं दुकान आहे. यंदा त्याने पाठीवरचे फवारणी पंप स्वतः जोडून विकायचं ठरवलं आणि त्यासाठी शहरातल्या एका घाऊक दुकानदाराकडून अठ्ठेचाळीस ब्रशलेस मोटारी एकदम उचलल्या. ब्रशलेस म्हणजे बिनकार्बनची. जुन्या छोट्या मोटारीत कोळशाचे दोन तुकडे फिरत्या भागाला घासून वीज पोचवतात, घासून घासून झिजतात आणि नेमके दुकानं बंद असताना संपतात. बिनकार्बनच्या मोटारीत चुंबक फिरतो, तारांचे वेढे जागेवर बसून राहतात आणि कोणत्या वेढ्यात वीज कधी सोडायची ते एक इलेक्ट्रॉनिक पट्टी ठरवते. म्हणजे आमच्या बँकेसारखंच. कारकून जागेवर, कागद फिरता, आणि सूत्रं न दिसणाऱ्या खोलीत. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी या दोन अमेरिकन गृहस्थांनी अशा मोटारीवर निबंध लिहिला. आज ती छताच्या पंख्यात, विजेच्या स्कूटरमध्ये आणि द्राक्षबागेवर औषध मारणाऱ्या ड्रोनमध्ये जाऊन बसली आहे. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खायचा, हा तिशीच्या आसपास खातो. खाणं कमी आणि काम तेवढंच, असं विज्ञानात तरी घडतं.

या मोटारींवर छापलं होतं : १२ व्होल्ट, १०० वॉट. भाच्याने एक बॅटरीला लावली. काय पळाली! आवाज नाही, थरथर नाही, वीज ओढली ती जेमतेम एक अँपिअर. ओटीवरचे सगळे खूश झाले. मी बँकेतला माणूस. मी म्हटलं, "अरे, ही रिकामी पळतेय. पंपात बसवल्यावर काय करेल?"

"तेच तर बघायचंय, मामा," तो म्हणाला. "पण टेस्टिंगचं मशीन लाखांत जातं."

आता रिकाम्या मोटारीबद्दल मला विशेष सांगायची गरज नाही. वाचकांच्या परिचयात अशा पाच-सहा तरी असतील. निवडणुकीपूर्वीचा उमेदवार, लग्नापूर्वीचा नवरदेव आणि बदलीवर आलेला नवा मॅनेजर या तिघांचा बिनभाराचा वेग सारखाच असतो. कोण किती पाण्यात आहे ते भार आल्याशिवाय कळत नाही, हे आपले वाडवडील सांगत आले. पण भार मोजायचा कसा, हे ते सांगत नाहीत. ते काम फ्रान्समधल्या गास्पार द प्रोनी नावाच्या इंजिनिअराने १८२१ साली केलं. त्याची युक्ती इतकी साधी, की पिंपळगावात जन्मला असता तर लोकांनी त्याला शहाणा म्हटलं नसतं, काटकसरी म्हटलं असतं. फिरत्या चाकाला ब्रेक आवळायचा आणि तो ब्रेक किती जोराने ओढला जातो ते तोलायचं. बस्स. इंजिनाच्या जाहिरातीत 'ब्रेक हॉर्सपॉवर' म्हणतात, त्यातला ब्रेक तो हाच.

भाच्याने ते घरातल्या घरात केलं. मोटारीच्या दांड्यावर पाच सेंटिमीटर व्यासाची पुली, तिच्यावरून सुती दोरी आणि दोरीच्या दोन्ही टोकांना भंगारातले स्प्रिंगचे ताणकाटे. दोन काट्यांतला फरक म्हणजे भार. फेरे मोजायचं लहान यंत्र ऑनलाइन मागवलं. हिशेब माझ्याकडे आला, कारण घरात वजाबाकी-गुणाकार म्हटलं की सगळे माझ्याकडे पाहतात. मिनिटाला ३००० फेरे आणि काट्यांत १.३ किलोचा फरक, की झाले शंभर वॉट. मला फार गंमत वाटली. शंभर वॉट म्हणजे काहीतरी मोठं वाटत होतं. निघालं सव्वा किलो कांद्यापेक्षा किंचित जास्त.

पण या दोरीत एक खोट आहे. शंभर वॉटचं काम दोरीवर घासून जातं आणि त्याची सगळी उष्णता होते. पाच मिनिटांत घरभर जळक्या सुताचा वास सुटला. ताई आतून म्हणाली, "काय रे, कंदिलाची वात पेटवलीय का?" प्रयोगशाळेत पुलीला पाणी घालून थंड ठेवतात. आमच्या ओटीवर पाणी आणि वीज एकत्र आणायला ताईची परवानगी नव्हती.

मग दुसरी युक्ती. एका मोटारीने दुसरी फिरवायची. दोन्हींचे दांडे समोरासमोर आणून मध्ये रबरी नळीचा तुकडा चढवला. बिनकार्बनच्या मोटारीत चुंबक कायमचा असल्याने ती नुसती फिरवली तरी वीज देते. तिच्या तीन तारा सहा डायोडांतून नेऊन ट्रॅक्टरच्या इंडिकेटरच्या बल्बांना जोडल्या. एकवीस-एकवीस वॉटचे सहा बल्ब. बल्ब लावत जायचं, भार वाढत जातो. मात्र सगळे एकदम लावायचे नाहीत. थंड बल्बाची तार तापलेल्या तारेच्या मानाने साधारण दहापट जास्त वीज ओढते, तेव्हा सहाही एकदम लावले की मोटार पहिल्याच क्षणी गुडघे टेकते. एक लावा, तो उजळू द्या, मग दुसरा. आमच्या बँकेत नव्या मुलाला पहिल्याच दिवशी पेन्शनचा काउंटर, के.वाय.सी. आणि वरून 'एवढं बंद पडलेलं ए.टी.एम. बघ रे' असं एकदम देतात, आणि संध्याकाळी आपसांत म्हणतात, 'हल्लीच्या पोरांत दम नाही.'

आत जायचे १३० वॉट आणि बल्बांत पोचायचे ७५. मधले पंचावन्न गेले कुठे? दोन मोटारींनी आपापली दलाली कापली. दोघी सारख्या आहेत असं धरून हिशेब केला तर प्रत्येकीने सुमारे चोवीस टक्के खाल्ले आणि मधल्या दांड्यावर जवळजवळ नव्व्याण्णव वॉट होते. म्हणजे छापील शंभर खरे! भाचा उड्या मारायच्या बेतात होता. मी पुन्हा बँकेतला प्रश्न विचारला, "किती वेळ?"

इथे खरी मेख आहे. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कामाचे प्रकार ठरवून दिले आहेत. पहिला एस-१, म्हणजे अखंड चालणारी. दुसरा एस-२, म्हणजे ठरावीक थोडा वेळ चालून पुन्हा थंड होणारी. जी मोटार एक मिनिट शंभर वॉट देते ती तासभर देईलच असं नाही. ताकद दोघींचीही खरी, पण एकीची दमाची आणि एकीची क्षणाची. आणि दम हा उष्णतेवर ठरतो. मोटार जोर लावते तोवर जळत नाही. आत साठणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा सतत जास्त राहिली, तर जळते.

२०१६ सालच्या नोव्हेंबरात हा धडा मी अंगावर घेतला आहे. आठ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, दहाला बँका उघडल्या, आणि त्या आठवड्याचा शनिवार-रविवारही आम्ही काउंटरवरच होतो. तिसऱ्या दिवशी नोटा मोजायच्या यंत्राची मोटार जळाली. तिच्यावर कंपनीने स्पष्ट लिहिलं होतं, की इतका वेळ चालवा आणि मग विश्रांती द्या. तेव्हा तिची दुरुस्ती हमीत बसेना. आमचा रोखपाल मात्र जळाला नाही. त्याच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून तो चालत राहिला.

तर, मोटार आतून किती तापली ते पाहायचं कसं? करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक घरात होती. ती मोटारीवर धरताच तिने 'हाय' असं लिहिलं. नमस्कार नव्हे, मर्यादा संपली. ती तापापुरतीच. मग भाच्याने मेणबत्तीचा कपचा मोटारीच्या अंगावर ठेवला. मेण साधारण पन्नास ते पासष्ट अंशांच्या दरम्यान वितळतं. अर्ध्या तासात मेण टिकलं तर मोटार पास. प्रोनीसाहेबांनीही पाठ थोपटली असती, इतकं स्वस्त.

पासष्ट अंशांवर एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. तेव्हा भाच्याने जे सांगितलं, त्याने मला त्या रात्री बराच वेळ जाग आली. या मोटारींतले चुंबक नीओडायमियमचे असतात. साध्या प्रतीचा असा चुंबक आतून ऐंशी अंशांच्या पुढे तापला, तर त्याचं चुंबकत्व काही प्रमाणात कायमचं जातं. थंड झाल्यावर परत येत नाही. बाहेरून काही दिसत नाही. रंग तोच, आवाज तोच. आणि गंमत म्हणजे अशी खंगलेली मोटार रिकामी चालवली तर पूर्वीपेक्षा जोरात पळते! चुंबक दुबळा झाला की त्याचा उलटा विरोध कमी होतो, म्हणून फेरे वाढतात. भार दिला, की मात्र त्याच कामाला जास्त वीज ओढते आणि आणखी तापते.

म्हणजे रिकामी मोटार जोरात पळते यावरून ती चांगली हे तर सिद्ध होतच नाही, उलट एकदा कोणीतरी तिला भाजून काढलेलं असू शकतं. मला एकामागून एक माणसं आठवू लागली. समारंभात सर्वांत जास्त धावपळ करणारी, सर्वांत जोरात हसणारी, आणि साधं लाइटचं बिल भरायला सांगितलं तर खुर्चीत बसून राहणारी. आपण त्यांना आळशी म्हणतो. तापवलं कोणी, ते कोणी विचारत नाही.

आता नैतिक प्रश्न. भाच्याने सहा मोटारी तपासल्या. चारांवर मेण शाबूत राहिलं. एकीवर वीस मिनिटांत त्याचं पाणी झालं. एकीचे फेरे तिसऱ्या बल्बालाच बसले. उरल्या बेचाळीस. त्यांचं काय?

विमानवाल्यांचं बरं असतं. बोइंगने १९९५ साली ७७७ विमानाचे पंख मुद्दाम वाकवत नेले, आणि कमाल ठरवलेल्या भाराच्या १५४ टक्क्यांवर ते मोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोडण्यासाठी अख्खं विमान बाजूला काढायची ऐपत असली की नीतिमत्ता सोपी जाते. आमच्याकडे अठ्ठेचाळीस मोटारी, आणि त्यांच्या पैशासाठी ताईच्या पाटल्या आमच्याच शाखेत सोनेतारण. पाकिटावरची चिठ्ठी माझ्या अक्षरात.

ओटीवर सल्ला द्यायला माणसांची वाण नव्हती. बल्ब पाहून रोज चार जण येतच होते. एकाने सांगितलं, "सगळ्या विक. सहा महिन्यांची गॅरंटी दे. बिघडली तर बदलून दे." बाजाराच्या दृष्टीने हे चोख आहे. गॅरंटीचा अर्थच हा, की तपासणी गिऱ्हाईक करील. जगातली सर्वांत स्वस्त चाचणी कोणती, तर जी दुसऱ्याच्या शेतात होते.

पण पाठीवरचा पंप आमच्याकडे लागतो कधी, तेही पाहा. एरवी द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालतो. छाटणीनंतर अवकाळी पाऊस पडला, वाफसा मोडला, ट्रॅक्टर चिखलात जाईना, आणि डाऊनीची बुरशी पानावर चढायच्या आत औषध मारायचं आहे, तेव्हा हा पंप खांद्यावर चढतो. वीस-तीस गुंठेवाल्याची तर सारी मदार त्याच्यावर. त्या दिवशी मोटार बंद पडली तर गॅरंटीत मोटार मिळेल. घड मिळणार नाहीत. मोटारीची किंमत आणि बंद पडलेल्या मोटारीची किंमत हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि पावतीवर पहिलाच छापलेला असतो.

दुसऱ्याने विचारलं, "बरं, सगळ्या अर्धा-अर्धा तास तापवल्या, तर त्या नव्या कशा राहतील? वापरलेला माल नवा म्हणून विकायचा?" हा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला. मणी खाऊन पाहिला तर तो मणी विकता येत नाही. पण मोटार मणी नाही. बेताच्या भारावर, मेण सांभाळून चालवली तर तिचं काही उणं होत नाही. ती मोडते जिद्दीने चालवली तर. आणि तपासणारा बहुधा जिद्दीलाच पेटलेला असतो. आणखी किती ओढते बघू, असं म्हणत एकेक बल्ब वाढवत जायचा मोह भाच्यालाही झालाच होता. तो मोह मला मोटार न तपासण्याइतकाच वाईट वाटतो. किती लागेल तेवढं पाहावं. किती सोसेल ते पाहण्याचा अधिकार ज्याची वस्तू त्याला एखादवेळी असेल, माणसांच्या बाबतीत तर कोणालाच नाही.

मी खर्चाचा अंदाज काढला. एक मोटार तपासायला १३० वॉट, अर्धा तास. तपासणीसाठी पलीकडे फिरायला एक मोटार कायमची ठेवायची, उरल्या सत्तेचाळीस. साडेतेवीस तास. वीज तीन युनिट, बॅटरी भरण्यातली गळती धरून फार तर चार. नाशिकला एक मिसळ खाल्ली तर याहून जास्त पैसे जातात. इतके दिवस आम्ही 'परवडत नाही, परवडत नाही' म्हणून जी चर्चा करत होतो, ती चार युनिटांची होती! तपासणी महाग नव्हतीच. महाग होता तो निकाल. बेचाळीसपैकी वीस वाईट निघाल्या तर पाटल्यांचं काय, हा तो खर्च होता, आणि न तपासल्याने तो शून्य होत नव्हता, फक्त दुसऱ्याच्या नावावर पडत होता. हिशेबाच्या भाषेत याला जमाखर्ची नोंद म्हणतात. शुद्ध मराठीत वेगळं म्हणतात.

ताई सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तपासून टाका एकदाच्या. उगा घोर नको."

चार रात्री बल्ब पेटले. सत्तेचाळीसपैकी चाळीस उत्तम निघाल्या. दोन कामातूनच गेलेल्या. पाच अशा, की शंभरावर तापतात पण साठावर दिवसभर थंडगार चालतात. दुकानदाराने फोनवर सांगितलं, की उघडलेला माल परत घेत नाही. चाचणीसाठी उघडला म्हटल्यावर त्याला फार आश्चर्य वाटलं. म्हणाला, "आजवर कोणी तक्रार केली नाही." करणार कोण? तक्रारी चिखलात झाल्या असतील.

आणखी एक मोटार राहिली. पलीकडे बसून चारही रात्री सर्वांचा भार घेणारी. सत्तेचाळीस जणींना अर्धा-अर्धा तास, हिला एकटीला साडेतेवीस तास. इतरांवर मेण ठेवलं होतं, हिच्यावर ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. शेवटच्या रात्री ताईनेच हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. "हिला कोणी बघितलं का रे?" ती म्हणाली.

भावजी गेले त्याला पंधरा वर्षं झाली. मी काही बोललो नाही. मेणबत्तीचा कपचा शोधू लागलो.

त्या साठवाल्या पाच मोटारी कमी दाबाच्या लहान पंपांत बसवून कमी किमतीला द्यायच्या ठरल्या. जुनी छापील चिठ्ठी खरवडून मी माझ्या बँकेतल्या अक्षरात नवी लिहिली : 'सतत चालल्यास ६० वॉट. थोडा वेळ १००.' पाच चिठ्ठ्या वाळत ठेवल्या होत्या. ताईने एक उचलली, चष्मा वर करून वाचली आणि म्हणाली,

"माझ्यावर पण एक चिकटव अशी."

आणि चहा टाकायला आत गेली.